एका शतकाची दोन घरं

सन १७१३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ भटांना पेशवाईची वस्त्रं दिली. पुढच्याच वर्षी, १७१४ मध्ये, लंडनला पहिला जॉर्ज गादीवर बसला. इकडे पेशवाई १८१८ मध्ये संपली, तिकडे चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला. म्हणजे इंग्लंडच्या इतिहासात ज्याला जॉर्जियन काळ म्हणतात तो आणि आपली पेशवाई, दोन्ही जवळपास एकाच शतकात नांदली. त्या काळात तिकडच्या जमीनदारांनी आपापल्या इस्टेटीवर, शहरापासून दूर, मोठी घरं उभारली. इकडे सरदार, इनामदार, पाटील, कुलकर्णी आणि सावकार यांनी वाडे बांधले. दोन्हीकडे सत्तेची घडी नव्यानं बसत होती आणि ज्याच्या हाती ती आली त्याला ती आपल्या घरातून गावाला दिसावी असं वाटत होतं.

या दोन घरांचा विचार देवळाली प्रवरेहून करण्याला कारण आहे. नाशिकजवळची लष्कराची देवळाली वेगळी. ही राहुरी तालुक्यातली, नगर-मनमाड रस्त्याजवळची. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, कालव्यांना पाणी आलं, पुढं साखर कारखाने उभे राहिले आणि या पट्ट्याचं रूप पालटलं. उसाच्या पैशानं स्लॅबची घरं आली. जुन्या गावठाणात मात्र आजही एखाद्या बोळात घडीव दगडाचं जोतं, झिजलेला उंबरा, खिळे ठोकलेला जाड दरवाजा दिसतो आणि त्यामागं निम्मा पडलेला चौक. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यात असे वाडे गावोगाव आहेत. ते कसे बांधले, का पडत आहेत आणि त्यांचं काय करता येईल, हे समजून घ्यायला त्यांच्या समवयस्क इंग्रजी घरांची फार मदत होते.

खणाचा हिशेब

वाड्याचं माप खणात होतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, साधारण पाच फुटांच्या आसपास. लाकडाची तुळई किती लांब मिळते आणि किती भार घेते यावर ते माप ठरलेलं. ओसरी किती खणांची, सोपा किती खणांचा, माडी किती खणांवर चढवायची, हे ठरलं की सुताराला आणि गवंड्याला कागदावरच्या नकाशाची गरज उरत नसे. खांबांच्या दोन ओळींमधल्या लांबट जागेला दुघई म्हणत. खण आणि दुघई या दोन मापांत सगळं घर मांडलं जाई. दर्शनी बाजूला खण बहुधा विषम ठेवत, म्हणजे मधोमध खांब न येता मोकळी जागा येई.

पाया हा या मुलखात मोठा प्रश्न. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत फाडते. म्हणून गाव वसलं ते पांढरीवर आणि शेती राहिली काळीत. पांढरीवर खोदून, मुरमापर्यंत जाऊन, काळ्या बसाल्टचं जोतं उचलायचं. श्रीमंताच्या वाड्याला ते चिरेबंदी असे, सांधा दिसू नये इतकं घासून बसवलेलं. त्यावर निम्म्या उंचीपर्यंत दगड आणि पुढं चपट्या विटा किंवा मातीचं काम. भिंतीची जाडी अडीच-तीन फूट. त्या जाडीतच कोनाडे, फडताळं, बळदं आणि कधी कधी माडीवर जाणारा अंधारा जिनाही.

चुना जागेवरच तयार होई. ओढ्यानाल्यांत सापडणारी चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मग वाळू घालून बैलांच्या घाणीत दगडी चाकाखाली दळायचा. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालायची रीत होती. असा चुना हळूहळू, वर्षानुवर्षं हवेतून घट्ट होत जातो. त्याला थोडी लवचीकता असते, त्यातून ओल बाहेर पडते. जुन्या भिंतीला शंभर वर्षांत तडा गेला नाही, याचं निम्मं श्रेय या चुन्याला आहे.

आता एकच खांब जवळून पाहू. खाली तळखडा, म्हणजे घडवलेला दगडी पाया. त्यामुळं सागवानाला जमिनीची ओल लागत नाही आणि वाळवी चढायला वाट सापडत नाही. तळखड्यावर खांब उभा राहतो तो तळाशी फुगीर, कमळाच्या पाकळ्या कोरलेला आणि वर निमुळता होत गेलेला. हा सुरूच्या झाडाचा आकार. शाहजहानच्या काळच्या दिल्ली-आग्र्याच्या महालांतून तो मराठ्यांच्या उत्तरेकडच्या मोहिमांबरोबर दक्षिणेत आला. खांबाच्या डोक्यावर चारी बाजूंना हस्त, त्यांना लोंबणारी केळफुलं. दोन खांबांमध्ये नागमोडी कडांची महिरप. ही महिरप पाहून कमानीचा भास होतो, पण ती लाकडाची पातळ फळी आहे. तिच्यावर काडीचाही भार नाही. भार आहे तो वरच्या तुळईवर, तुळईवरून खांबावर, खांबावरून तळखड्यावर. सुतारानं भार वाहणारं आणि शोभेचं असं दोन्ही काम वेगवेगळं ठेवलं आणि तरी डोळ्याला ते एकजीव दिसेल अशी कारागिरी केली.

तुळईवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर पाला आणि मातीचे थर, सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा लेप. हे झालं धाबं. नगर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळं कोकणासारखं उतरतं कौलारू छप्पर इथं लागलं नाही. सपाट माळवदावर उन्हाळ्यात झोपायचं, धान्य वाळवायचं, आणि मृग लागण्याआधी नवी पांढरी माती टाकून ते चोपून घ्यायचं. वर्षातून एकदा हे काम झालं नाही तर पाणी आत शिरतं, आणि पाणी शिरलं की आधी कडीचं भिंतीतलं टोक कुजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. एके पावसाळ्यात अख्खा खण खाली येतो.

आत पाहणारं घर, बाहेर पाहणारं घर

वाड्याला रस्त्याकडून तोंड जवळजवळ नाहीच. उंच भिंत, एक मोठा दरवाजा, त्यात माणसापुरती दिंडी, दरवाजामागं आडवा अडसर. दरवाजातून आत शिरलं की देवडी. तिथं पहारेकरी बसे आणि तिथून वाट बहुधा वळून चौकात जाई, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट आत पोचत नसे. पहिल्या चौकाभोवती सदर आणि कचेरी, दुसऱ्या चौकाभोवती देवघर, माजघर, मुदपाकखाना, बाळंतिणीची खोली. मागं परसू, विहीर, गोठा. उजेड, वारा, पाऊस, चंद्र हे सगळं चौकातून येई. एप्रिल-मे मध्ये राहुरी-श्रीरामपूरकडं पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा जाड भिंती आणि सावलीतला चौक यांमुळं वाड्याच्या आत तीच दुपार सुसह्य होते.

ही बंद भिंत नुसत्या उन्हासाठी नव्हती. या मुलखातून फौजा येत-जात राहिल्या. होळकर-शिंद्यांच्या झगड्यात आणि पेंढाऱ्यांच्या लुटीत गावं उजाड झाली, त्यावर १८०३-०४ चा दुष्काळ आला. ज्या घराला स्वतःचं धान्य पेवात आणि बळदात, स्वतःचं पाणी विहिरीत आणि स्वतःचा दरवाजा लोखंडी खिळ्यांत ठेवावा लागतो, ते घर बाहेर खिडक्या काढत नाही.

जॉर्जियन घराची तऱ्हा उलटी. ते टेकाडावर, चारी बाजूंनी मोकळं उभं राहतं आणि दुरून पाहिलं जावं म्हणूनच बांधलेलं असतं. त्यामागं एक पुस्तक आहे. आंद्रेआ पॅलाडिओ या इटालियन वास्तुकारानं १५७० मध्ये वास्तुकलेवर चार भागांचा ग्रंथ छापला. प्राचीन रोमच्या देवळांची मापं घेऊन त्यानं घरांसाठी प्रमाणांचे नियम मांडले. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. १७१५ पासून कॉलन कॅम्बेलनं इंग्लंडमधल्या निवडक इमारतींचे नकाशे ‘व्हिट्रुव्हियस ब्रिटॅनिकस’ या जाडजूड ग्रंथात छापायला सुरुवात केली. हे दोन्ही ग्रंथ जमीनदारांच्या टेबलावर आले आणि शंभर वर्षं इंग्लंडचं घर त्यांतल्या नियमांवर चाललं.

नियम साधे होते. दर्शनी बाजूला खिडक्यांच्या ओळी विषम, पाच किंवा सात, म्हणजे दरवाजा बरोबर मधोमध. मुख्य मजल्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच, वरच्या मजल्याच्या आखूड, माळ्याच्या जवळजवळ चौरस. मधोमध खांबांचा सज्जा आणि त्यावर त्रिकोणी माथा. डावी बाजू उजवीसारखी, मग आत त्या खिडकीमागं खोली असो वा नसो. वर-खाली सरकणारी काचेची खिडकी हे त्या घराचं वैशिष्ट्य. चौकटीच्या पोकळीत दोरीला शिशाचं किंवा लोखंडाचं वजन टांगलेलं असतं, त्यामुळं जड तावदान एका हातानं उचललं जातं आणि जिथं सोडू तिथं थांबतं. उत्तरेकडच्या त्या देशात सूर्य खालून चालतो, हिवाळ्यात दुपारीच मावळतो. उजेड आत ओढायचा तर मोठी काच हवी आणि ऊब हवी तर खोलीखोलीत शेकोटी. खिडक्यांवर सरकारनं १६९६ मध्ये कर बसवला तो १८५१ पर्यंत राहिला. तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, तरी भिंतीवर खिडकीचा खळगा तसाच ठेवला, कारण डावी-उजवी बाजू सारखी दिसली पाहिजे.

सुतारानं खणात मोजलेला वाडा आणि ग्रंथातल्या प्रमाणावर उभं राहिलेलं ते घर. दोघांनाही विषम संख्येची ओढ, दोघांनाही प्रमाणाचा ध्यास, दोघांचंही शोभेचं काम भार वाहणाऱ्या कामापासून वेगळं. या बाबतीत फरक एवढाच की तिकडचा नियम छापला गेला आणि इकडचा सुताराच्या हातात राहिला. दोन घरांच्या पुढच्या नशिबातला फरक इथूनच सुरू होतो.

कोपरगावचा पेन्शनर आणि बीकन्सफील्डचं काचघर

नगर-मनमाड रस्त्यानं देवळाली प्रवरेहून उत्तरेला निघालं की कोल्हारला प्रवरा ओलांडावी लागते. पुढं बाभळेश्वर, राहाता, शिर्डी आणि गोदावरीकाठी कोपरगाव. या गावात रघुनाथराव पेशव्यांचा, म्हणजे राघोबादादांचा वाडा आहे. अटकेपर्यंत फौज नेणारा, पुतण्या नारायणरावाच्या खुनाच्या प्रकरणात कायमचा डागाळलेला आणि १७७५ च्या सुरतेच्या तहानं इंग्रजांना मराठी राजकारणाच्या दारात आणून बसवणारा हा माणूस. सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला, त्यात त्याला दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली आणि त्यानं राहायला कोपरगाव निवडलं. ११ डिसेंबर १७८३ रोजी तो वारला. त्याचा मुलगा, धाकटा बाजीराव, लहानपणी इथंच वाढला.

इंग्रजी अमदानीत या वाड्यात सरकारी कचेरी भरत असे आणि तिथल्या कोरीव लाकडी छताची दखल जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरनंही घेतली. जवळच हिंगणीला राघोबादादांनी आणखी एक वाडा काढला होता. तो पुरा झाला नाही. नदीच्या अंगावर गेलेल्या भक्कम दगडी भिंती तेवढ्या त्या इराद्याच्या साक्षीला उरल्या. अपुऱ्या वाड्याचा एक फायदा असतो: जे एरवी गिलाव्याखाली झाकलं जातं ते तिथं उघडं दिसतं. नदीच्या पुरासमोर भिंत किती रुंद धरायची, दगडाचे थर कसे बांधायचे, याचा जाणत्या हातांनी केलेला विचार त्या भिंतींत वाचता येतो.

याच राघोबादादांनी कोपरगावी येण्याआधी, इंग्रजांच्या आश्रयाला असताना, आपली बाजू मांडायला वकील थेट लंडनला पाठवले होते. त्यांत हनुमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांच्यासोबत पारशी वकील होते. १७८१ मध्ये पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याला ते भेटले. परक्या थंडीत, सोवळं सांभाळून, स्वतःचं अन्न स्वतः शिजवून राहणाऱ्या या माणसांचे हाल पाहून बर्कनं त्यांना बीकन्सफील्डला आपल्या गावाकडच्या घरी नेलं. ग्रेगरीज नावाचं हे घर त्यानं १७६८ मध्ये घेतलं होतं. मधोमध मुख्य इमारत, दोन्ही बाजूंना खांबांच्या कमानदार ओळींनी जोडलेली उपगृहं, असा त्याचा अस्सल जॉर्जियन थाट होता. त्या घराच्या बागेतलं रोपांसाठी बांधलेलं काचघर बर्कनं पाहुण्यांच्या हवाली केलं. तिथं त्यांना हवं तसं स्नान, पूजा, स्वयंपाक करता येई.

त्या घरात दिवाणखाने, भोजनगृहं, पाहुण्यांच्या खोल्या सगळं होतं, पण हनुमंतरावांच्या आचाराला पुरेल अशी एकही जागा नव्हती. मराठी वाड्यात आड, न्हाणी, देवघर आणि चूल यांची एकामागोमाग एक अशी रचना असते. अंग धुऊन, ओलेत्यानं, कुणाचा स्पर्श न होता देवाशी आणि मग चुलीशी जाता आलं पाहिजे, या एका गरजेवर वाड्याचा मागचा चौक आखलेला असतो. जॉर्जियन घरात स्वयंपाकघर तळघरात किंवा दूरच्या पाखीत, वास येऊ नये आणि आग लागू नये म्हणून. शेवटी हनुमंतरावांना सोयीचं ठरलं ते काचघर, कारण तिथं कुणाचीच ये-जा ठरलेली नव्हती. घराचा नकाशा म्हणजे तिथल्या माणसांच्या जगण्याचा नियम असतो, हे त्या काचघरातल्या चुलीनं जितकं स्पष्ट केलं तितकं कुठल्या ग्रंथानं केलं नसेल.

ग्रेगरीज १८१३ मध्ये जळून गेलं. ज्याच्यावर बर्कनं पुढं १७८८ पासून महाभियोग चालवला त्या माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं त्याच सुमारास डेल्सफर्डला आपलं घर बांधायला काढलं. त्याचा वास्तुकार सॅम्युअल पेपिस कॉकरेल यानंच पुढं १८०५ च्या सुमारास ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट हे घर आपल्या भावासाठी उभारलं. त्या भावानं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा मिळवला होता. त्या घरावर कांद्याच्या आकाराचा घुमट, छज्जे आणि मुघली कमानी आहेत आणि आत मात्र नेहमीचे इंग्रजी दिवाणखाने.

मॅलेटचं घर आणि शनिवारवाड्याचं चित्र

पुण्याच्या दरबारात १७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा रेसिडेंट होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी होती, तीच पुढं नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी जाळली गेली. मॅलेटला चित्रांचा शौक. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच्या आश्रयानं पुण्यात आला, त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार तयार झाला आणि या मंडळींनी वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. मॅलेट मायदेशी परतला आणि १८०३ मध्ये त्यानं विल्टशायरमधलं विल्बरी हाउस विकत घेतलं. १७१० च्या सुमारास बांधलेलं हे घर पॅलाडिओच्या वळणाच्या अगदी पहिल्या इंग्रजी घरांपैकी एक आणि त्याचा नकाशा ‘व्हिट्रुव्हियस ब्रिटॅनिकस’मध्ये छापलेला. पेशव्यांच्या सदरेवर बसून गेलेला माणूस जॉर्जियन वास्तुकलेच्या उगमस्थानी राहायला गेला.

मॅलेटनं आणखी एक काम केलं. १७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह शनिवारवाड्यात सवाई माधवरावांच्या दरबारात झाला, त्याचं मोठं चित्र काढायचं वेल्सनं घेतलं होतं. १७९५ मध्ये वेल्स वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलनं ते १८०५ मध्ये पुरं केलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. त्यात सवाई माधवराव आहेत, नाना फडणवीस आहेत, आणि त्यांच्याभोवती आहेत सुरूचे खांब, नक्षीदार महिरपी आणि गणपतीची मूर्ती.

१७३० मध्ये पाया घातलेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आगीत सापडला. आतलं सगळं लाकूड गेलं. आज दरवाजे, तट, जोती आणि कारंजी दिसतात. वर काय होतं, महिरप कुठून कुठं जात होती, हे सांगायला जी थोडी साधनं उरली त्यांत या चित्राचा मान वरचा आहे. मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या वाड्याच्या अंतर्भागाची आठवण एका परक्या वकिलाच्या हौसेमुळं राहिली. आपल्या सुतारांनी तो वाडा बांधला. तो मोजून, काढून ठेवायचं काम आपल्याकडून राहिलं.

कुणाच्या श्रमावर

दोन्ही घरांचं कौतुक करताना त्यांच्या मागची माणसंही पाहिली पाहिजेत. जॉर्जियन घरांत नोकरांचे जिने भिंतीआड लपवलेले असत, म्हणजे कोळसा आणि पाणी वाहणारा माणूस पाहुण्याला दिसू नये. त्या घरांमागं कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांचा घाम होता आणि हिंदुस्थानातून नेलेला पैसा होता. आपल्या उद्यानाचा देखावा मोकळा व्हावा म्हणून डॉर्सेटच्या एका लॉर्डनं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिल्टन नावाचं अख्खं गाव पाडलं आणि माणसं दुसरीकडं हलवली.

वाड्यांचंही तसंच. जोत्याचा चिरा वडारांनी फोडला, चुन्याची घाणी बैलांनी आणि मजुरांनी ओढली, पण ज्यांनी ते बांधलं त्यांतल्या कित्येकांना देवडीपलीकडं पाऊल टाकायची मुभा नव्हती. माजघराच्या अंधारात बायकांची आयुष्यं गेली, विधवांची तर अधिकच. वाडा जपायचा तो सरंजामी मोठेपणाची पूजा म्हणून नव्हे. त्या दगडांवर आणि लाकडावर ज्यांचे हात फिरले त्यांचं कौशल्य तिथंच नोंदलेलं आहे. वाडा पडला की मालकाचं नाव कागदपत्रांत उरतं, कारागिराचं काहीच उरत नाही.

वाडा का पडतो

वाडा पडण्याची कारणं प्रत्येक गावात जवळजवळ सारखी. पहिलं कारण वाटणी. एका चौकाभोवती चार-सहा हिस्से, उताऱ्यावर वारसांची रांग, त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईत. धाब्यावर माती टाकायचा खर्च कुणी करायचा, यावर एकमत होत नाही आणि मृग काही थांबत नाही. दुसरं कारण चुकीची दुरुस्ती. गळकं धाबं म्हणून वर काँक्रीट ओतलं, भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की चुन्यामातीची भिंत गुदमरते. ओल बाहेर पडायची वाट बंद होते, क्षार साचतात, गिलावा पोपड्यांसारखा फुगून सुटतो आणि आत कडीची टोकं कुजत राहतात. वरच्या काँक्रीटचं वजन ज्या कड्यांवर टाकलं त्या त्यासाठी बेतलेल्याच नव्हत्या. तिसरं कारण सागवान. पडक्या वाड्याच्या जागेइतकीच त्याच्या लाकडाला किंमत येते. खांब, तुळया, दरवाजे उतरवून व्यापाऱ्याकडं जातात आणि शहरातल्या हॉटेलांत, बंगल्यांत सजावट होऊन उभे राहतात. खांब टिकतो, पण तो कोणत्या खणात होता हे कायमचं पुसलं जातं.

नगर जिल्ह्याकडं नावं घ्यावीत असे वाडे आणि गढ्या कितीतरी आहेत. पारनेर तालुक्यातल्या जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे, श्रीगोंद्याला शिंद्यांच्या खुणा आहेत, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला अहिल्याबाई होळकरांचं जन्मस्थान आहे. ज्यांच्या नावानं २०२४ मध्ये जिल्ह्याचं नामांतर झालं, त्या अहिल्याबाई अशाच एका पाटलाच्या घरात वाढल्या. नामवंतांच्या वास्तूंकडं सरकारचं आणि लोकांचं लक्ष जातं. अडचण आहे ती बिननावाच्या वाड्यांची. देवळाली प्रवरा, राहुरी, बेलापूर, कोल्हार अशा गावांतला कुलकर्ण्याचा किंवा सावकाराचा दोन चौकी वाडा कुठल्याच यादीत येत नाही.

त्यांनी कसं सावरलं

इंग्लंडमध्येही ही पडझड झाली, आणि तीही मोठी. पहिल्या महायुद्धानंतर वारसा कर वाढले, नोकर मिळेनात, आणि विसाव्या शतकात हजारावर मोठी घरं पाडली गेली. मग लोक जागे झाले. नॅशनल ट्रस्ट ही संस्था १८९५ पासून होतीच. तिनं १९३७ मध्ये घरं ताब्यात घेऊन लोकांना खुली करायची योजना काढली. १९४७ च्या नगररचना कायद्यानं जुन्या इमारतींच्या याद्या करणं बंधनकारक झालं, आणि १९६८ च्या कायद्यानं यादीतली इमारत परवानगीशिवाय पाडायला बंदी आली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाडलेल्या घरांवर प्रदर्शन भरलं, भिंतीवर एकामागून एक गेलेल्या घरांचे फोटो होते. त्यानं लोकमत फिरलं. हे प्रदर्शन भरवता आलं याचं कारण साधं आहे: त्या घरांचे नकाशे, फोटो, हिशेबाच्या वह्या जपलेल्या होत्या. घर गेलं तरी त्याची नोंद गेली नव्हती.

आपल्याकडं कायदा अगदीच नाही असं नाही. राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० चा आहे. मुंबईला १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा वास्तूंची तरतूद आहे. देवळाली प्रवरेसारख्या नगरपालिकेनं मनात आणलं तर आपल्या गावठाणातल्या जुन्या वास्तूंची यादी ती करू शकते. पण यादी करायला आधी माहिती हवी. ती गोळा करायला कुठल्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना एक विनंती. दिवाळीत भाऊबंद गावी एकत्र येतात. या दिवाळीत घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींच्या हाती एक टेप आणि चौकटीची वही द्या आणि आपला वाडा मोजायला लावा. चौक किती बाय किती, खण किती, खांबांचा घेर किती, भिंतीची जाडी किती, हे कागदावर उतरवा. तळखडा, हस्त, महिरप, गणेशपट्टी, अडसर यांचा प्रत्येकाचा जवळून फोटो काढा आणि तो कुठल्या जागेचा ते मागं लिहा. आजी, काकू, आत्या यांना विचारा की कुठल्या खोलीत काय होत असे, कुणाला कुठपर्यंत येऊ देत, धाब्यावर माती कुठून आणत. गावात चुन्याचं काम केलेला एखादा म्हातारा गवंडी असेल तर त्याचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. घरात मोडी कागद निघाले तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतल्या किंवा नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातल्या जाणत्या माणसाला ते दाखवून घ्या. दुरुस्ती करायची असेल तर सिमेंटचं पोतं आणण्याआधी चुन्यात काम केलेल्या माणसाला विचारा. आणि वाडा पाडायचाच निर्णय झाला असेल, तर पाडण्याआधी निदान एवढं काम पुरं करा. त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात आणि एक नगरपालिकेत ठेवा. सुताराच्या हातातला नियम कागदावर उतरवायचं दोनशे वर्षं राहून गेलेलं काम आपल्या पिढीला अजून करता येण्यासारखं आहे.